कोरबाजीचं गोत्र

श्राद्धाला बसलेल्या माणसाला भटजी गेलेल्याचं नाव आणि गोत्र विचारतात. काशीतल्या दुर्गाघाटावरचे आमचे गुरुजी त्यानंतर आणखी एक गोष्ट विचारत. "खोड काय होती?"

यजमान गडबडून जाई. पुण्या-नाशिकहून रेल्वेत अंग आंबवून आलेला माणूस, नुकतंच डोकं भादरलेलं, ओल्या पंचात कुडकुडतोय, आणि हा म्हातारा हातातले तीळ थांबवून वडिलांची खोड विचारतोय. एकदा नागपूरच्या एका साहेबांनी सांगितलं, वडील देवमाणूस होते, खोड वगैरे काही नव्हती. गुरुजींनी तीळ खाली ठेवले. "मग तुम्ही त्यांच्याकडे नीट बघितलेलं नाही. आठवा. मी थांबतो." साहेब चिडले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "आंबा खाल्ला की कोय लपवून ठेवायचे. किती खाल्ले ते आईला कळू नये म्हणून." असं म्हणून ते तिथेच हसायला आणि रडायला लागले. गुरुजी म्हणाले, "आले. आता हात पुढे करा."

नाव आणि गोत्र पितरांसाठी, खोड माझ्यासाठी, असं ते सांगत. कोणाला जेवायला बोलावतोय ते बोलावणाऱ्याला ठाऊक नको का?

मी त्यांच्या विरोधी पक्षातली. माझे वडील रेल्वेत होते आणि युनियनचे होते. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. त्यामुळे इतर मुली ज्या वयात रांगोळीची पुस्तकं जमवतात त्या वयात मी 'मेलेल्यांच्या नावावर जिवंतांची लूट' असं पत्रक लिहिलं आणि पितृपक्षात गुरुजींच्याच दाराला खळ लावून चिकटवलं. त्यांनी ते उभ्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि मला हाक मारली.

"यात माझी बाजू कुठाय?"

मी म्हटलं, पत्रकात दोन्ही बाजू नसतात.

"मग मला कसं पटायचं? माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली लिही, मग ती मोड. मी स्वतः घाटभर चिकटवीन, पत्रकवाली."

तेव्हापासून मी पत्रकवाली. त्यांची बाजू मी कधी लिहिली नाही. पण आमचं भांडण लागलं ते कायमचं. दुपारी वादात हरले की ते खुशाल हार मानत, आणि सकाळी घाटावरून येताना आमच्या खिडकीखाली उभे राहून सांगत, "कालचं तुझं बरोबर नव्हतं गं." आई म्हणे, यांच्यामुळे घड्याळ लावायला नको.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. बी.एस्सी. झाल्यावर मीही एक काढला, आणि जागा मिळाली ती गुरुजींच्या घराची पुढची खोली. गुरुजी एकटे होते. लग्न केलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांचे ताम्हन-पळ्या, खाली मी, दोन कॉम्प्युटर आणि कॉलेजातली काही मुलंमुली.

त्यांच्या घरात क्लास चालवायचा तर एक जाच सोसावा लागे. गुरुजी बाहेर पडताना दार ओढून घेत आणि बाहेरून कडी घालत. आत कोण आहे, नाही, याचा विचार नाही. आमच्या भागात माकडं फार. उघड्या दारातून आत शिरतात, भाकरीचा डबा काय, चष्मा काय, उचलून गच्चीवर. घराघरांतून बाहेरची कडी त्यांच्यासाठीच. पण गुरुजींचा हात मेंदूला न विचारता कडीकडे जाई. आठवड्यातून एकदा तरी आम्ही सगळे आत कोंडले जात असू. मग समोरच्या दहीवाल्या तिवारीजींना खिडकीतून हाका मारायच्या. ते हात पुसत येत आणि कडी काढताना म्हणत, "लो, छूट गये बंदर लोग."

मी एकदा गुरुजींना विचारलं, माणसं कोंडता ते कोंडता, ही खोड मुळात कुणाची? ते म्हणाले, "घरची."

आता दादांबद्दल सांगायला हवं, कारण गल्लीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. गुरुजींना एक थोरले भाऊ होते. ते बालाजी घाटाजवळ एका खोलीत राहत, लोकांच्या पत्रिका मांडून देत. चालत गेलं तर विडा संपायच्या आत पोचावं इतकं ते जवळ. पण दोघं भाऊ सगळा जन्म एकमेकांशी बोलले नव्हते. गुरुजींनी मला ते एकदाच सांगितलं, कोणाच्या तरी विधीचं साहित्य सांगावं तशा आवाजात. गुरुजींची मुंज नुकती झाली होती. त्यांची मोठी बहीण, ताई, सासर सोडून आली आणि खाली दारात उभी राहिली. वडील वरून म्हणाले, तिला आत घ्यायचं नाही. दादा खाली गेले. धाकट्याला जिन्यात बसून एवढंच ऐकू आलं की दार ओढलं गेलं आणि बाहेरून कडी पडली. वडील म्हणाले, मोठ्यानं माझा शब्द राखला. पण मोठा वर आलाच नाही. ताईही नाही. पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर, दादा काशीत परतले ते एकटे, आणि या घराची पायरी ते कधी चढले नाहीत.

"त्यानं ताईवर दार लावलं," गुरुजी म्हणाले. "आणि स्वतः बाहेर राहिला. दोन्ही खरं आहे. याचं काय करायचं ते मला समजलेलं नाही."

त्या भाद्रपदात एका विद्यार्थ्यानं फ्लॉपींवर एक खेळ आणला. इंग्रजी खेळ. तुम्ही एक निरोप्या, आणि तुमच्याबरोबर कॉर्बन नावाचा एक म्हातारा शिपाई. तो वाटा दाखवतो, वेळेला तुमच्यासाठी लढतो, फारसं बोलत नाही. श्राद्धाची जेवणं उरकून गुरुजी दुपारी खाली आले आणि दारातच थांबले. सोवळ्यात असल्यामुळे ते कशाला शिवत नसत. खोलीच्या मध्यावर त्यांनी फरशीची एक रेघ स्वतःसाठी ठरवली होती, तिच्या पलीकडे पाट टाकून बसत आणि हातातल्या दर्भाच्या काडीनं पडद्याकडे दाखवून हुकूम सोडत. डावीकडे घे. त्या बाईला विचार. विहिरीत बघ. मी पडद्यावरचं इंग्रजी मराठीत सांगायची. कॉर्बनचा तासाभरात कोरबाजी झाला. "हा माणूस बरा आहे," गुरुजी म्हणाले. "विचारल्याशिवाय सांगत नाही."

मग ते फाटक आलं.

गावाला आग लागली आहे. तुम्ही आणि कोरबाजी गढीच्या, वरून दोरावर टांगलेल्या फाटकाशी पोचलात. मागून सगळं गाव धावत येतंय, आणि गावाच्या मागे घोड्यांवर लुटारू. पडद्यावर प्रश्न उमटतो: फाटक पाडायचं, की उघडं ठेवायचं? उघडं ठेवलं तर गावकऱ्यांबरोबर लुटारूही आत येणार. पाडलं तर गाव बाहेर.

मी क्षणभरही न थांबता 'उघडं' निवडलं. माझ्या घरात दुसरं काही निवडलंच गेलं नसतं. पडद्यावर कोरबाजीनं माझ्याकडे पाहिलं, तो फाटकातून बाहेर गेला, आणि बाहेरच्या खांबाला बांधलेला दोर त्यानं तलवारीनं तोडला. फाटक धाडकन खाली आलं. मी आत. गाव बाहेर. कोरबाजीही बाहेर. त्यानंतर खेळ तुम्हाला आतल्या वाटेनं पुढे नेतो. बाहेर काय झालं ते दाखवत नाही. कोरबाजी का असं वागला ते कोणी सांगत नाही.

गुरुजींनी काडी खाली ठेवली. "परत लाव."

परत लावलं. या वेळी त्यांच्या सांगण्यावरून 'पाडायचं' निवडलं. या खेपेला कोरबाजी मुकाट्यानं आत आला, फाटक पडलं, आणि पुढे संपूर्ण खेळभर तो बरोबर चालला. पण एक शब्द बोलला नाही.

तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते पितृपक्ष संपेपर्यंत चाललं. माझं म्हणणं सरळ होतं. फाटक कोणावर बंद झालं? गावावर. मग ते बंद करणारा लुटारूंच्या कामाचा ठरला. त्याच्या मनात काय होतं याची चौकशी हे रिकाम्या लोकांचं काम आहे. गुरुजी म्हणत, आणि तो स्वतः कुठल्या बाजूला राहिला? आत राहून पाडलं असतं तर मी तुझं ऐकलं असतं. मी म्हणायची, माझा निर्णय त्यानं माझ्या हातातून काढून घेतला, लोकांना विचारलं नाही, हीच हुकूमशाही. ते म्हणत, किंवा पाप तुझ्या हातून काढून घेतलं. तू ओझं उचलणार नाहीस हे त्याला कळलं, म्हणून त्यानं उचललं. आणि आपण पाडायचं निवडलं तेव्हा तो का मुका झाला?

तिवारीजी दह्याचं मातीचं कुल्हड घेऊन दारात उभे राहत आणि तिसरी बाजू मांडत. "कुछ नहीं, गुरुजी. रस्सी बाहर थी, काट दी, फिर देखा कि अरे, खुद ही बाहर रह गये. आदमी से हो जाता है."

यावर आम्ही दोघं मिळून तिवारीजींवर तुटून पडत असू. इतकं साधं कारण आम्हा दोघांनाही परवडणारं नव्हतं.

अष्टमीच्या सुमाराला दादांच्या घरमालकीणबाई आल्या. भांडण ऐन रंगात होतं. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की दादांना बरेच दिवस ताप येतोय, हातपाय सुजलेत, कोणाच्या हातचं जेवत नाहीत, स्वतः उठून खिचडी लावतात. "तुम्ही सख्खे भाऊ. एकदा येऊन तर जा. ते आता फार दिवस नाही काढणार."

गुरुजी म्हणाले, "तो आपल्या पायांनी बाहेर गेला. यायचं तर आपल्या पायांनी येईल."

"पाय राहिले कुठे?" बाई म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुजींनी काडी उचलली. "परत लाव."

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यांच्याकडे वळले.

"नाही लावणार. तुम्ही आत बसून विचारता, त्यानं का केलं. रोज तेच. का केलं, का केलं. आतल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही, कारण आतल्याचं पोट भरलेलं आहे. बाहेर जे राहिले त्यांचं पुढे काय झालं, हे एकदा तरी विचारलंत?"

"खेळात ते दाखवत नाहीत," गुरुजी म्हणाले.

"खेळात नाही दाखवत."

मुलं कीबोर्डकडे बघत बसली होती. गुरुजी पाटावरून उठले, रेघ ओलांडून आले, सोवळ्यातच बंद पडद्यासमोर उभे राहिले आणि कोणालाही न शिवता बाहेर गेले. कडी पडल्याचा आवाज आला. आम्ही तिवारीजींना हाक मारली.

सर्वपित्री अमावस्येला गुरुजींनी मला घाटावर बोलावलं. मी असल्या गोष्टींना जात नसे, पण निरोप असा होता की तुझ्याशिवाय होणार नाही. ऊन चढलं होतं, पाणी अजून गढूळ होतं. त्यांनी भाताचे पिंड वळून ठेवले होते. आपल्या घरचे झाले, मग ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचा धर्मपिंड असतो, तिथे ते थांबले आणि मला विचारलं, "कोरबाजीचं गोत्र काय असेल?"

मी म्हटलं, परदेशी शिपाई, त्याला कसलं गोत्र?

"माहीत नसेल तर काश्यप. ते सगळ्यांना चालतं. खोड?"

मी विचार केला. खरंच विचार केला. "चालताना नेहमी आपल्या एक पाऊल मागे असायचा."

"आला," ते म्हणाले, आणि पिंड ठेवला. नंतर दुसरा उचलला. "हा तुझ्यासाठी. फाटकाबाहेरच्या गावाचा. किती माणसं होती?"

मी सांगितलं, मोजता यायची नाहीत. चित्र काढणाऱ्यानं तीच दोन-तीन माणसं पुन्हा पुन्हा काढून गर्दी केली होती.

"मग एकच सगळ्यांना," ते म्हणाले. "गर्दीची खोड कोण सांगणार?"

शेजारी बसलेले दुसरे भटजी हे सगळं ऐकत होते. बातमी आमच्याआधी गल्लीत पोचली. तिवारीजी दुकानातून म्हणाले, "गुरुजी, जो मर गये उनका तो करते ही थे, अब जो पैदा ही नहीं हुआ उसका भी?" गुरुजी म्हणाले, त्याचं तर आधी करायला हवं, त्याला बिचाऱ्याला आई-बाप दोन्ही नाहीत. काही यजमान त्या वर्षी त्यांच्याकडून उठून दुसऱ्यांकडे गेले. गुरुजींनी त्याची दखल घेतली नाही. मी तो विधी आजही मानत नाही. पण विधीत कारणासाठी जागाच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. नाव, गोत्र, आणि गुरुजींच्या हिशेबी एक खोड. त्यानं का केलं, असा रकाना त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास चालू असताना ते जिन्यावरून उतरले. अंगात धुतलेला सदरा, हातात झाकलेलं पातेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेरच्यांचं विचारून येतो." दार ओढलं, कडी पडली. आम्ही कोंडले गेलो. त्या दिवशी मात्र मी लगेच हाक मारली नाही. मुलांना म्हटलं, प्रोग्रॅम पुरा करा आधी.

ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आले ते अंथरूण न्यायला. दादा या घरात येणार नाहीत, तेव्हा मीच तिकडे जातो, म्हणाले. वळकटी बांधून झाल्यावर ते पाट घेऊन रेघेपलीकडे बसले. काडी नव्हती.

"बोललात?" मी विचारलं.

"पहिला दिवसभर नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी पातेलं उघडून ठेवलं, त्यानं खाल्लं नाही. संध्याकाळी उठला, कळशी घेतली. मी म्हटलं, मी आणतो. ऐकेना. धरत धरत बाहेर गेला, दार ओढलं आणि कडी घातली."

मी आमच्या दाराकडे पाहिलं.

"मी आत," गुरुजी म्हणाले. "म्हाताऱ्याच्या अंगात उभं राहायचा जोर नाही, पण हात बरोबर कडीकडे गेला. मी हाक नाही मारली. बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आला, दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाला, 'अरे, तू आत होतास होय? माकडं येतात रे.'"

पंख्याखाली मुलांची कागदं फडफडत होती. गुरुजी कितीतरी वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"मग त्या दिवशीचं विचारलंत त्यांना?"

"नाही. तू सांगितलेलं विचारलं. पुढे काय झालं? तर म्हणाला, ग्वाल्हेरला गेलो. तिथे ताई एका शाळेत मुलांना जेवण करून घालायची. हा तिथेच राहिला, ती असेपर्यंत. भात म्हणे नेहमी मापापेक्षा जास्त टाकायची. कोण केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून." त्यांनी वळकटीची गाठ आवळली. "हा एकटा परतला तेव्हापासून मी तिचं श्राद्ध दर वर्षी घालत आलो, पण खोड ठाऊक नव्हती. परवा कळली."

मला वाटलं होतं मी गप्प राहीन, पण ते माझ्यानं होईना. मी म्हटलं, "गुरुजी, माकडांसाठी असो की वडिलांसाठी, दार बंद झालं ते झालं. ताई बाहेर राहिली."

"राहिली," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे. पण एकटी नाही राहिली." आणि उठता उठता, "हेही पत्रकात घाल."

त्यांनी वळकटी उचलली. मी म्हटलं मी पोचवते, तर नको म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. हात कडीवर गेलेला होता. त्यांनी वळून आत आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच मोजदाद करताहेत, आणि कडी सोडून दिली. ती दारावर आपटून हलत राहिली.

"पत्रकवाली," बाहेरून त्यांनी विचारलं, "त्या कोरबाजीच्या गावात माकडं होती का गं?"

मी सांगितलं, चित्रात तरी दिसली नाहीत.

"चित्रात नसतील," गुरुजी म्हणाले, आणि बालाजी घाटाच्या वाटेला लागले.